ब्रिसल : एका राठ शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातल्या राजारामपुरीत मी इंग्रजीचे वर्ग घेते, आणि अधूनमधून अनुवादाचं कामही करते. ‘ब्रिसल’ (bristle) हा इंग्रजी शब्द दर वर्षी कुठून ना कुठून वर्गात येतोच. कधी टूथब्रशच्या पाकिटावरून, कधी रंगाच्या दुकानातून, कधी कादंबरीतल्या एखाद्या तापट पात्राच्या तोंडून. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

उच्चार ‘ब्रिसल’ की ‘ब्रिस्टल’?

ब्रिसल. स्पेलिंगमध्ये ‘टी’ आहे, तोंडात नाही. व्हिसल, कॅसल, लिसन या शब्दांचंही तसंच. ‘स’च्या पाठोपाठ ‘ट’ आणि लगेच ‘ल’ किंवा ‘न’ आला की इंग्रजी जिभेनं मधला ‘ट’ गिळून टाकला. लिहिण्यात तेवढा तो राहिला. आपल्याकडे दुकानात सर्रास ‘ब्रिस्टल’ म्हणतात. दुकानदाराला ते कळतं, तिथे अडू नका. मुलाखतीत किंवा भाषणात मात्र ‘ब्रिसल’च म्हणा.

साधा केस आणि ब्रिसल यात फरक काय?

आखूड, जाड, ताठ आणि टोचणारा केस म्हणजे ब्रिसल. इंग्रजी माणसाच्या डोळ्यांपुढे सगळ्यात आधी डुकराच्या मानेवरचा आणि पाठीवरचा केस येतो. शब्दाचं मूळ घर तेच. तिथून तो दाढीच्या खुंटांवर, ब्रशच्या दात्यांवर, किड्यांच्या आणि गवताच्या अंगावरच्या ताठ रोमांवर गेला.

आपल्या कोल्हापुरात हा फरक हाताला कळायला सोपी जागा म्हणजे म्हशीचा गोठा. दिवाळी पाडव्याला इथे म्हशी सजवून मिरवतात, आणि त्याआधी त्या भादरतात. गंगावेशीकडच्या एका गोठ्यात मी हे काम चालू असताना उभी होते. ओल्या फरशीवर काळ्या केसांचा थर पडला होता. एक केस उचलून चिमटीत धरला, तर तो माझ्या केसासारखा लोंबेना. काडीसारखा आडवा राहिला. बुडाशी जाड, टोकाला निमुळता. दुसरा ओढणीत शिरला आणि घरी येईपर्यंत खांद्याला टोचत राहिला. “मामा, एवढे राठ कसे हो?” म्हटलं, तर म्हणाले, “म्हशीचं केस राठच असत्यात ताई. भादरल्याबिगर पाडव्याला न्यायची न्हाई.”

डुकराचा केस याहूनही जाड आणि चिवट असतो. पण ‘राठ’ हा शब्द मामांनी सहज वापरला, तो या सगळ्याच्या केंद्राशी आहे.

मग मराठीत ब्रिसलला नेमका शब्द कोणता?

एकच शब्द मागाल तर हाती काही लागणार नाही. मराठीनं ही वस्तू कुठे दिसते त्यावरून वेगवेगळे शब्द केलेत, आणि ते इतके नेमके आहेत की एकाच शब्दाचा हट्ट धरणं मला नुकसानीचं वाटतं.

जनावराच्या अंगावर असेल तर ‘राठ केस’. माणसाच्या हनुवटीवर असेल तर ‘खुंट’. गव्हाच्या ओंबीवर किंवा गवताच्या बीवर असेल तर ‘कुसळ’. पावसाळा सरल्यावर पन्हाळ्याच्या उतारावरून किंवा जोतिबाच्या वाटेनं चालत आलात की मोज्यांत रुतून बसतं ते. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, या म्हणीतलंही हेच. संस्कृतात त्याला ‘शूक’ म्हणतात. कुसळं असलेल्या धान्यांना आयुर्वेदात ‘शूकधान्य’ असं नाव आहे. मराठी माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात गांडुळाच्या अंगावरच्या बारीक ताठ केसांना ‘दृढरोम’ म्हटलेलं तुम्ही वाचलं असेल. पाठ्यपुस्तकातल्या पारिभाषिक शब्दांत मला हा फार आवडतो. दृढ आणि रोम, अर्थ उघडा पडतो.

ब्रशला लावलेल्या केसांसाठी मात्र बोलताना ‘ब्रशचे केस’ किंवा ‘ब्रशचे दाते’ म्हणतात. जाहिरातीत ‘ब्रिसल्स’ असतं. तिथे मीही ‘ब्रिसल’च ठेवते.

हा शब्द आला कुठून?

जुन्या इंग्रजीत ‘बिर्स्ट’ असा शब्द होता, अर्थ हाच. पुढे त्याला ‘एल’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला, जसं आपण ढोलपासून ढोलकी करतो. आणि मधल्या काळात ‘र’नं जागा बदलली: ‘बिर्स्ट’मधला स्वरानंतरचा ‘र’ स्वराच्या आधी येऊन बसला आणि ‘ब्रिस्ट’ झालं. हे ऐकून विद्यार्थी चकित होतात. पण ज्या गावात नुकसानीला ‘नुसकान’ म्हणतात, तिथे चकित कशाला व्हायचं? अक्षरांची अशी अदलाबदल सगळ्या भाषांत होते. इंग्रजीतला ‘बर्ड’ही एके काळी ‘ब्रिड’ होता. तिथे ‘र’ उलट्या दिशेनं सरकला.

इंग्रजीची भावंडं पाहा. जर्मनमध्ये ‘बोर्स्ट’ म्हणजे राठ केस आणि ‘ब्युर्स्ट’ म्हणजे ब्रश. डच भाषेत ब्रशला ‘बोर्स्टेल’च म्हणतात. तिथे ‘र’ जुन्याच जागी राहिला आहे. बास नावाचा मासा आहे, त्याचं इंग्रजी नावही याच धातूकडे नेतात, कारण त्याच्या पाठीवरचा पर काटेरी असतो.

आता आपल्या घराकडे येऊ. या सगळ्या शब्दांचं मूळ ज्या प्राचीन भाषेत धरलं जातं, तीच संस्कृतचीही पूर्वज. तिथून संस्कृतात आलेला सोयरा म्हणजे ‘भृष्टि’: टोक, अणी, दाता. ऋग्वेदात इंद्राच्या वज्राला ‘सहस्रभृष्टि’ म्हटलं आहे, हजार टोकांचं. हजार अण्या उभारलेलं ते वज्र आणि बाथरूममधल्या पेल्यात उभ्या असलेल्या टूथब्रशचे ब्रिसल, दोघांच्या नावात एकच जुना धातू आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ तशीच बसले होते.

एक घोळ टाळा. संस्कृतात ‘भृष्ट’ म्हणजे भाजलेलं, तो वेगळ्या धातूचा. आणि ‘भ्रष्ट’ तर आणखी वेगळा.

‘ब्रश’ आणि ‘ब्रिसल’ एकाच कुळातले असतील ना?

दिसायला आणि कामाला इतके जवळ, तरी तसं नाही. ब्रश हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, चौदाव्या शतकाच्या सुमारास. त्याचा संबंध बहुधा झुडपांशी, काटक्यांच्या जुडीशी लावला जातो. म्हणजे ब्रशच्या नावात खराटा आहे आणि ब्रिसलच्या नावात अणी. आपल्याकडेही झाडायच्या वस्तूची नावं अशीच सामानावरून फिरतात. नारळाच्या हिरांचा तो खराटा, शिंदीच्या पानांची ती केरसुणी, आणि भिंतीला रंग द्यायचा तो कुंचा. कुंचा लहान झाला की कुंचला.

ब्रिस्टल शहराशी किंवा चित्रकलेच्या ब्रिस्टल बोर्डशी काही नातं?

काही नाही. ब्रिस्टल हे इंग्लंडमधलं शहर, नावाचा जुना अर्थ पुलापाशी असलेलं ठिकाण. जाड गुळगुळीत कागदाला त्या शहराचं नाव मिळालं.

राठ केसाचा आणि रागाचा संबंध कसा जुळला? इंग्रजीत ‘ही ब्रिसल्ड’ म्हणजे तो चिडला असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

रात्री उशिरा महाद्वार रोडवरची दुकानं बंद झाली की तिथल्या कुत्र्यांच्या हद्दी सुरू होतात. दुसऱ्या गल्लीतला कुत्रा आत आला की इथला पुढे होतो, पण लगेच तुटून पडत नाही. आधी थबकतो. मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत पाठीच्या मधोमध केसांची एक रेघ उभी राहते. पाय ताठ, शेपूट ताठ. दिव्याच्या उजेडात तो नेहमीपेक्षा मोठा दिसतो. आणि ते मोठं दिसणंच कामाचं असतं. बऱ्याचदा समोरचा तेवढ्यावर माघार घेतो.

प्रत्येक केसाच्या मुळाशी एक बारीकसा स्नायू असतो. भीती, राग किंवा थंडी यांपैकी काहीही झालं की आपल्या ताब्यात नसलेली मज्जासंस्था त्याला आवळायला लावते, आणि केस उभा राहतो. मांजर पिंजारतं ते यानंच, रानडुकराच्या मानेवरचा तुरा उठतो तोही यानंच. माणसाच्या अंगावर तेवढे केस उरले नाहीत, पण स्नायू उरले. म्हणून आपल्या अंगावर नुसता काटा येतो.

डुकराच्या केसांवरून शब्द आलेला, आणि डुक्कर चवताळण्याआधी तेच केस उभारतं. तेव्हा इंग्रजीत क्रियापद तयार व्हायला फार लांब जावं लागलं नाही. आधी ते ‘केस ताठ उभे राहणे’ एवढ्यापुरतं होतं. सोळाव्या शतकापासून माणसाच्या रागालाही लागू लागलं.

इथे आपल्या भाषेकडे पाहिलं तर एक विलक्षण गोष्ट दिसते. केस उभे राहण्यासाठी संस्कृतात ‘हृष्’ हा धातू आहे. त्यातून ‘रोमहर्ष’ आला. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुन म्हणतो, “वेपथुश्च शरीरे मे रोमहर्षश्च जायते”; तिथे तो आनंदानं नाही, व्याकूळ होऊन कापतो आहे. त्याच धातूतून आपला ‘हर्ष’ आला, म्हणजे निखळ आनंद. आणि लॅटिनमध्ये त्याच कुळातलं ‘होर्रेरे’ हे क्रियापद झालं, अर्थ केस ताठ उभे राहणे, थरथरणे. त्यातून इंग्रजीला मिळाला ‘हॉरर’. म्हणजे हर्ष आणि हॉरर ही सख्खी चुलत भावंडं. एकाच शारीरिक घटनेतून आपण आनंद उचलला, त्यांनी भय उचललं. आणि इंग्रजीनं ब्रिसलमधून राग उचलला.

अनुवाद करताना हे क्रियापद मराठीत कसं आणायचं?

माझ्या एका जुन्या अनुवादात मी ‘ती खवळली’ असं लिहिलं होतं. छापून आल्यावर वाचलं तेव्हा चूक लक्षात आली. मूळ प्रसंगात बाई एक शब्दही बोलत नाही. सासरे तिच्या नोकरीबद्दल काहीतरी बोलतात, ती ब्रिसल होते, आणि चहा ओतत राहते. खवळलेली बाई चहा ओतत राहील का? मी तिला दोन पायऱ्या वर चढवून ठेवलं होतं, आणि त्यामुळे पुढच्या पानावरचं तिचं भांडण फिकं पडलं.

ब्रिसल हा हल्ल्याच्या आधीचा क्षण आहे. महाद्वार रोडवरचा तो थबकलेला कुत्रा. म्हणून पहिला शब्द माझ्या मते ‘ताठरली’. अंग ताठ होतं, चेहरा ताठ होतो, बोलणं अजून व्हायचं असतं. लागट बोलण्यामुळे झालं असेल तर ‘झोंबलं’ चालतं. तोंडातून तुटक उत्तर बाहेर पडलं असेल तर ‘फणकारली’. ‘तडकली’ म्हणजे मर्यादा ओलांडली गेली. आणि ‘खवळली’ तर त्याच्याही पुढे. कोल्हापुरी बोलीत संवाद असेल तर ‘त्याच्या डोक्यात गेलं’ हे फार चपखल बसतं, कारण त्यातही राग आत शिरलाय पण अजून बाहेर आलेला नाही.

‘तिच्या अंगावर काटा आला’ इथे लावू नका. केस उभे राहणं तेच असलं तरी मराठीत काटा येतो तो भीतीनं, थंडीनं किंवा भारावून जाऊन. रागानं येत नाही. शरीर एकच, पण प्रत्येक भाषेनं त्याचा अर्थ आपल्या हिशेबानं लावला आहे.

‘ब्रिसल विथ’ असं येतं तेव्हा?

तेव्हा रागाचा संबंध सुटतो, उभ्या अण्यांचं चित्र राहतं. तोफांनी ब्रिसल होणारा किल्ला म्हणजे ज्याच्या तटावर जागोजागी तोफा बाहेर रोखलेल्या आहेत असा. ‘तोफांनी सज्ज’ म्हटलं तर अर्थ येतो, चित्र जातं. ‘तटातटांतून तोफांची तोंडं बाहेर आलेली’ असं थोडं ऐसपैस लिहायला मी कचरत नाही. चुकांनी ब्रिसल होणारा मजकूर मात्र सरळ ‘चुकांनी बुजबुजलेला’.

टूथब्रशचे ब्रिसल खरंच डुकराच्या केसांचे असायचे का?

हो. केसांचा टूथब्रश चीनमध्ये शेकडो वर्षांपूर्वी होता, हाडाच्या किंवा बांबूच्या दांड्याला डुकराचे केस बसवलेला. इंग्लंडमध्ये विल्यम ॲडिस यानं १७८० च्या सुमारास असे ब्रश मोठ्या प्रमाणावर करायला घेतले. आपल्याकडे तेव्हा आणि त्यानंतरही कित्येक पिढ्या बाभळीची, कडुलिंबाची काडी, राखुंडी आणि मिसरी यांवर भागत होतं.

बदल झाला तो नायलॉनमुळे. अमेरिकेत ड्युपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली १९३५ मध्ये नायलॉन तयार झालं, आणि १९३८ मध्ये त्याचे ब्रिसल लावलेला टूथब्रश बाजारात आला. नायलॉनचे पायमोजे नंतर आले; पहिला मान टूथब्रशचा. सुरुवातीचे तंतू इतके कडक होते की हिरड्या सोलवटायच्या. मऊ नायलॉन यायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. आता साध्या दुकानात मिळणारा टूथब्रश नायलॉनचा किंवा तसल्याच कृत्रिम तंतूचा असतो. उपास करणारी आमची आजी ब्रश हातात धरायची नाही. तिच्या लहानपणी तिनं ऐकलेलं ते खोटं नव्हतं, काळ तेवढा पुढे गेला होता, असं आता वाटतं.

चित्रकार अजूनही ‘हॉग हेअर’चा ब्रश का मागतात?

कारण त्या केसाच्या टोकाला नैसर्गिक फाटे असतात. भिंगातून पाहिलंत तर एका केसाच्या शेवटी दोन-तीन बारीक शेंडे फुटलेले दिसतात. जाड तैलरंग त्या फाट्यांत धरून राहतो आणि कॅनव्हासवर सलग पसरतो. शिवाय केस बुडाशी जाड असल्यामुळे रंग ढकलायला जोर मिळतो. उलट पाण्याच्या रंगात हा केस पाणी पिऊन लिबलिबीत होतो. म्हणून घराच्या भिंतींना इमल्शन लावायचं असेल तर कृत्रिम ब्रिसलचा ब्रश घ्या, दाराला ऑइलपेंट द्यायचा असेल तर केसांचा. रंगाऱ्यानं उलट सांगितलं तर एकदा विचारा का म्हणून.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर यांच्यासारख्या माणसांमुळे. १८९० मध्ये इथे जन्मलेले बाबूराव चित्रपटाकडे वळण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत. एवढ्या मोठ्या कापडावर रंग ओढायचा तर हातातला केस ताठच हवा.

हे केस जगाला बरेचसे चीन पुरवत असे. दुसऱ्या महायुद्धात तो पुरवठा आटला तेव्हा अमेरिकेत त्यांच्या वापरावर सरकारी बंधनं आली, कारण जहाजं रंगवायलाही ब्रश लागतात. भारतात कानपूर या केसांसाठी ओळखलं जायचं. ब्रश बनवणारं गाव म्हणून उत्तर प्रदेशातलं शेरकोट आजही प्रसिद्ध आहे.

चांभारकामात ब्रिसल वापरतात असं वाचलं. कोल्हापुरी चपलेतही का?

ते युरोपातल्या बुटांबद्दल आहे. तिथला कारागीर मेण लावलेल्या दोऱ्याच्या टोकाला रानडुकराचा केस पीळ देऊन जोडायचा आणि सुईऐवजी तो वापरायचा. आरीनं पाडलेलं भोक वाकडं असलं तरी केस वळून पलीकडे निघतो. लोखंडी सुई तशी वळत नाही. आपली कोल्हापुरी चप्पल चामड्याच्याच वादीनं शिवतात, खिळाही मारत नाहीत. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं.

प्राणी-वनस्पतींच्या नावांत हा शब्द कुठे भेटतो?

पुष्कळ ठिकाणी, पण इंग्रजी रूपात कमी आणि लॅटिन-ग्रीक वेषात जास्त. लॅटिनमध्ये राठ केसाला ‘सेटा’ म्हणतात. आपल्या राळ्याचं शास्त्रीय नाव ‘सेटारिया इटालिका’, ते कणसावरच्या उभ्या केसांमुळेच. राळ्याचं कणीस हातात घेऊन खालून वर बोट फिरवा आणि मग वरून खाली. नावाचा अर्थ त्यात आहे. याच ‘सेटा’चा स्पॅनिशमध्ये ‘सेदा’ झाला आणि अर्थ झाला रेशीम. डुकराचा केस ते रेशमाचा धागा, एवढा प्रवास एका शब्दानं केला.

गांडुळाचे दृढरोम मघाशी आले. ते मातीत रुतवूनच गांडूळ पुढे सरकतं. पाखरू त्याला बिळातून ओढतं तेव्हा ते सहजी निघत नाही, तेही यांच्याच जोरावर.

दाढी केल्यानं खुंट जास्त राठ होतात का?

होत नाहीत. वाढलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, वस्तऱ्यानं कापलेलं टोक बोथट आणि रुंद. म्हणून हाताला टोचतं. मुळाला त्याचा पत्ताही नसतो.

लहान मुलांना हा शब्द कसा शिकवू?

फळ्यावर लिहून शिकवू नका. आधी हातात टूथब्रश द्या आणि अंगठ्यानं त्याचे दाते मागे ओढून सोडायला सांगा. मग गवताचं एक कुसळ तळहातावर ठेवा. आणि घरी आजोबा असतील तर दोन दिवस दाढी न केलेल्या त्यांच्या गालाला गाल लावायला सांगा. माझ्या वर्गातली एक सहा वर्षांची मुलगी हे करून आली आणि दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडली, “बाई, आजोबांना ब्रिसल आहेत!”